प्रेमापोटी : भारतातल्या किडनीच्या बाजाराची गोष्ट

आमच्या घरात विकत घेतलेली एक किडनी अकरा वर्षं चालली. १९८९ साली मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात ती आप्पाकाकांच्या पोटात बसवली गेली आणि २००० साली हृदयविकारानं काका गेले, तेव्हाही ती बरी चालू होती. या व्यवहारात कुठलाही कायदा मोडला गेला नव्हता, हे आधी सांगतो. १९८९ साली किडनी विकत घेणं हा भारतात गुन्हा नव्हता. काका बँकेत होते. बँकेनं औषधोपचारासाठी दिलेल्या कर्जातून आणि काकूच्या पाटल्यांतून पैसे उभे राहिले. त्या वेळी मी एकवीस वर्षांचा होतो. दलालाला द्यायचं शेवटचं पाकीट रुग्णालयाच्या जिन्याखाली पोचवण्याचं काम माझ्याकडे आलं होतं.

गेल्या वर्षी काकूनं मिरजेचं घर रिकामं केलं, तेव्हा काकांच्या आजारपणाची फाईल माझ्याकडे आली. अवयवविक्रीला कायदेशीर मान्यता द्यावी की नाही, हा वाद मी बरीच वर्षं वाचत होतो, त्याची कात्रणं साठवत होतो. ती फाईल आल्यावर मात्र या वादाबद्दल परक्यासारखं लिहिणं मला शक्य राहिलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे. पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण १९५४ साली बॉस्टनमध्ये झालं, तेही एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. जुळ्यांची शरीरं एकमेकांना परकं मानत नाहीत, म्हणून ते जमलं. बाकीच्यांचं जमत नव्हतं. आपल्याकडे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९६५ साली मृताच्या मूत्रपिंडाचा प्रयोग झाला, पण रुग्ण फार काळ जगला नाही. १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण यशस्वी झालं आणि ही शस्त्रक्रिया भारतात रुजली. तरीही पुढची दहाबारा वर्षं दाता म्हटला की भाऊ, बहीण, आई नाहीतर वडील, असंच समीकरण होतं. नात्याबाहेरची किडनी शरीर नाकारत असे, त्यामुळे विकत घेण्याजोगं काही नव्हतंच. विकत घेण्याची नैतिकता तेव्हा कुणी फारशी चर्चेला घेतली नाही, याचं कारणही तेच असावं.

१९८३ साली अमेरिकेत सायक्लोस्पोरिन या औषधाला परवानगी मिळाली आणि चित्र पालटलं. एका बुरशीतून काढलेलं हे औषध परकी किडनी नाकारण्याची शरीराची ताकद आवरून धरत असे. वैद्यकाच्या इतिहासात त्याची नोंद वरदान म्हणून होते आणि ती योग्यच आहे. पण या औषधामुळे आणखी एक गोष्ट घडली, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. अनोळखी माणसाची किडनी आता उपयोगाची झाली आणि उपयोगाची झाली म्हणून तिला किंमत आली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात परवाना गमावलेल्या बॅरी जेकब्ज या डॉक्टरनं गरीब देशांतली माणसं आणून त्यांच्या किडन्या विकण्याची योजना जाहीर केली. अमेरिकेच्या काँग्रेसनं वर्षभरात, १९८४ साली, अवयवांच्या खरेदीविक्रीवर बंदी घालणारा कायदा केला. माणसं आणायची योजना तिथं बारगळली. आपल्याकडे मात्र माणसं आधीपासूनच होती.

ऐंशीच्या दशकात मुंबई आणि मद्रास ही दोन शहरं या व्यापाराची जगातली मोठी केंद्रं झाली. त्याची कारणं समजून घेणं अवघड नाही. शल्यचिकित्सक उत्तम होते. डायलिसिसची यंत्रं मोजकी आणि महाग होती, त्यामुळे बहुतेक भारतीय रुग्णांपुढे प्रत्यारोपण किंवा मृत्यू असे दोनच मार्ग होते. मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती, म्हणून मृताची किडनी मिळण्याचा रस्ता जवळजवळ बंद होता. आणि आखाती देशांतून येणारे रुग्ण पैसे घेऊन उभे होते. संयुक्त अरब अमिराती आणि ओमानमधून १९८४ ते १९८८ या काळात मुंबईत येऊन किडनी विकत घेतलेल्या सुमारे १३० रुग्णांचा अभ्यास १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. शीर्षकातच 'मृत्यूचं मोठं प्रमाण' असे शब्द होते. काहींना नव्या किडनीबरोबर एचआयव्हीची लागण झाली होती, काहींना काविळीची. विकणाऱ्याच्या रक्ताची तपासणी घाईनं उरकली जात होती. घेणाऱ्यांचं काय झालं ते या अभ्यासानं मोजलं. विकणाऱ्यांचं मोजमाप व्हायला आणखी अकरा-बारा वर्षं लागली.

एक विसंगती इथं नोंदवतो. वैद्यकीय महाविद्यालयांना लागणाऱ्या मानवी सांगाड्यांचा कलकत्त्यातून मोठा निर्यात व्यापार चाले. १९८५ साली भारत सरकारनं तो बंद केला. मेलेल्या भारतीयाची हाडं परदेशी पाठवायला बंदी आली, पण जिवंत भारतीयाची किडनी परदेशी रुग्णाला विकायला बंदी यायला आणखी दहा वर्षं जावी लागली. मुंबईत नेत्ररोपणासाठी १९५७ सालापासून कायदा होता. मृताच्या डोळ्यांचा विचार आपण केला होता. जिवंत माणसाच्या पोटाचा विचार करणं राहून गेलं.

विक्रीची बाजू मांडणारे सगळे दलाल होते असं मुळीच नाही, आणि ती बाजू हलकीही नाही. मद्रासचे शल्यचिकित्सक डॉ. के. सी. रेड्डी यांनी ती त्या काळात उघडपणे मांडली. रुग्ण समोर मरतो आहे, नात्यातला दाता नाही, मृताची किडनी मिळत नाही. अशा वेळी गरीब माणसाला रास्त मोबदला आणि नंतरची देखभाल देऊन किडनी घेतली तर यात दोघांचंही भलं नाही का? १९९८ साली तत्त्वज्ञ जॅनेट रॅडक्लिफ रिचर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्येच हा युक्तिवाद आणखी धारदार केला. त्याचा आशय असा: गरीब माणसापुढे आधीच थोडे पर्याय असतात. किडनी विकणं हा त्यातला सर्वांत कमी वाईट पर्याय त्याला वाटतो, म्हणून तो ती विकतो. तुम्ही बंदी घालून त्याची गरिबी दूर करत नाही, त्याच्यापुढचा एक पर्याय तेवढा काढून घेता, आणि वर म्हणता की हे त्याच्या भल्यासाठी. शिवाय बंदी आली की व्यवहार थांबत नाही, तो अंधारात जातो. आणि अंधारात फसवला गेलेला विक्रेता पोलिसांत जाऊ शकत नाही, कारण तोही गुन्हेगार ठरतो.

हा शेवटचा मुद्दा मला आजही खोडता येत नाही. १९९४च्या कायद्याचं एकोणिसावं कलम पैसे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखंच आरोपी करतं.

तो कायदा कसा आला, तेही सांगण्यासारखं आहे. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय. संविधानाच्या २५२व्या अनुच्छेदानुसार दोन किंवा अधिक राज्यांनी ठराव करून मागणी केली, तर संसद अशा विषयावर कायदा करू शकते. तशी मागणी गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी केली. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली संमत झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ रोजी या तीन राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. बाकीची राज्यं आपापल्या सवडीनं आली. कायद्यानं तीन कामं केली. मेंदूमृत्यूला मान्यता दिली, अवयवांची खरेदीविक्री गुन्हा ठरवली, आणि जिवंत दात्यांसाठी 'जवळच्या नातेवाइकां'ची यादी ठरवली : पती-पत्नी, मुलगा-मुलगी, आई-वडील, भाऊ-बहीण.

पण याच कायद्याच्या नवव्या कलमात एक उपकलम घालण्यात आलं. रुग्णाबद्दलच्या आपुलकीमुळे, जिव्हाळ्यामुळे किंवा अन्य विशेष कारणामुळे परक्या माणसालाही किडनी देता येईल. त्यासाठी प्राधिकार समितीची मंजुरी हवी. हेतू चांगला होता. जिवलग मित्राला किडनी देणारा माणूस जगात असतोच, त्याला कायद्यानं का अडवावं? प्रत्यक्षात या एका वाक्यातून बाजार पुन्हा आत आला. समितीपुढे दाता आणि रुग्ण बसत. दाता म्हणे, मी साहेबांकडे कामाला आहे, त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. प्रतिज्ञापत्र तयार असे, एकत्र काढलेला फोटो तयार असे. समितीला पैशाचा पुरावा दिसत नसे, आणि प्रेमाचा पुरावा मागायचा म्हणजे काय मागायचं? प्रतिज्ञापत्रांमध्ये 'प्रेमापोटी' हा शब्द येतो. मराठीत तो फारच नेमका आहे. प्रेम आणि पोट एकाच शब्दात, आणि खरं कारण त्यातलं दुसरं.

विकणाऱ्यांचं पुढे काय झालं, हे मोजणारा महत्त्वाचा अभ्यास २००२ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या 'जामा' या नियतकालिकात आला. माधव गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ जणांना गाठून मुलाखती घेतल्या. त्यांच्या शस्त्रक्रियेला सरासरी सहा वर्षं झाली होती, म्हणजे बऱ्याच विक्री कायदा येण्याच्या आगेमागे झालेल्या. ९६ टक्के लोकांनी किडनी विकली ती कर्ज फेडण्यासाठी. कबूल झालेली रक्कम सरासरी १,४१० डॉलर, हातात पडलेली १,०७०. इथवर अपेक्षेप्रमाणेच. खरा धक्का पुढच्या आकड्यांत आहे. विक्रीनंतर कुटुंबाचं उत्पन्न सरासरी एक तृतीयांशानं घटलं होतं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांचं प्रमाण ५४ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेलं होतं. कर्जासाठी किडनी विकलेल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोक अजून कर्जातच होते. ८६ टक्क्यांनी तब्येत खालावल्याचं सांगितलं. आणि किडनी विकू का, असं कुणी विचारलं तर काय सांगाल, या प्रश्नावर ७९ टक्क्यांचं उत्तर 'विकू नकोस' असं होतं.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा 'सर्वांत कमी वाईट पर्याय' हा युक्तिवाद माझ्या डोक्यात होता. ज्यांनी हा पर्याय स्वतः निवडला, तेच तो दुसऱ्याला सुचवायला तयार नव्हते. विक्रीचे समर्थक यावर म्हणतील की ही काळ्या बाजाराची फळं आहेत. पूर्ण पैसे आणि नंतरचे उपचार मिळाले असते तर चित्र वेगळं दिसलं असतं. उत्पन्न घटण्यात केवळ किडनीचा हात नसेल, हेही मान्य. पण हमाली किंवा बांधकामावर पोट असलेल्या माणसानं कुशीत टाके घेऊन ओझं उचलायला जाणं म्हणजे काय, याचं उत्तर बाजार काळा की पांढरा यावर फारसं अवलंबून नाही.

विकणाऱ्यांत सुमारे सत्तर टक्के बायका होत्या. चेन्नईच्या विल्लिवाक्कम भागात याच सुमारास काम करणारे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी १९९९च्या एका निबंधात दोन गोष्टी टिपल्या आहेत. आकड्यांत त्या सापडत नाहीत. पहिली अशी, की त्यांना भेटलेल्या या बायकांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं. राज्यानं एकदा त्यांच्या पोटाला सुरी लावलेली होती. दुसऱ्यांदा सुरीखाली जाताना ती वाट ओळखीची होती. दुसरी गोष्ट सावकारांची. जिथं किडनी विकण्याची चाल पडली, तिथं सावकार कर्ज देताना तीही हिशेबात धरू लागले. शेत नाही, दागिना नाही, पण किडनी आहे. म्हणजे तारण आहे. मग वसुलीचा तगादाही त्या बेतानं वाढतो.

माझ्या मते या वादातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, आणि तत्त्वज्ञांच्या लेखांत तो क्वचित सापडतो. विकण्याची मुभा ही विकू इच्छिणाऱ्या एकट्यालाच मिळत नाही. ती त्याच्या शेजाऱ्यालाही मिळते, त्याला नको असली तरी. जिथं किडनी विकता येत नाही तिथं कर्जदार सावकाराला 'माझ्याकडे काही नाही' असं म्हणू शकतो. जिथं ती विकता येते तिथं ते वाक्य खोटं ठरतं. २०१५च्या अखेरीस अकोल्यात जे किडनी प्रकरण बाहेर आलं, त्याच्या मुळाशीही सावकारी कर्जच होतं. ज्यांनी सातबारा गहाण पडलेला पाहिला आहे, त्यांना यातली पुढची पायरी समजावून सांगावी लागणार नाही.

कायदेशीर बाजाराचं खरं उदाहरण जगात एकच आहे, इराण. १९८८ पासून तिथं जिवंत दात्याला मोबदला देण्याची अधिकृत पद्धत आहे. रुग्णांची संस्था दाता आणि रुग्ण यांची गाठ घालून देते, दलालाला जागा नाही. सरकार ठरावीक रक्कम आणि वर्षभराचा आरोग्य विमा देतं, वरची रक्कम रुग्ण देतो. इराणी माणसाची किडनी परदेशी नागरिकाला मिळत नाही. १९९९ साली प्रतीक्षायादी संपल्याचा दावा तिथल्या डॉक्टरांनी केला. हे यश क्षुल्लक नाही. आपल्याकडे डायलिसिसच्या खुर्चीत वाट पाहत संपलेल्या माणसांच्या घरच्यांना ते क्षुल्लक वाटणारही नाही. पण झरगुशी या इराणी मूत्ररोगतज्ज्ञानं केर्मानशाहमधल्या ३०० विक्रेत्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला, त्यात चेन्नईचंच चित्र दिसतं : कर्ज, ढासळलेली तब्येत, पश्चात्ताप. कायदा होता, दलाल नव्हता, तरीही.

आपल्याकडे शरीरातल्या एका गोष्टीचा बाजार आपण खरोखर बंद केला आहे, त्याची आठवण या वादात कुणी काढत नाही. ती गोष्ट म्हणजे रक्त. माझ्या लहानपणी मोठ्या रुग्णालयांच्या फाटकाशी रक्त विकणारे उभे असत. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली दाखवून दिलं होतं की विकतचं रक्त जास्त धोक्याचं असतं, कारण पैशाची गरज असलेला माणूस आपला आजार लपवतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर १९९६ साली निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदात्यांवर बंदी आली. रक्ताचा दुष्काळ पडेल असं तेव्हा बोललं जात होतं. टंचाई आजही असते, नातेवाईक म्हणून उभे केलेले विकाऊ दातेही अधूनमधून सापडतात; पण गणेशोत्सवाच्या मंडपापासून कंपनीच्या कँटीनपर्यंत रक्तदान शिबिरं भरतात आणि व्यवस्था चालते. रक्त पुन्हा तयार होतं, किडनी होत नाही. जे पुन्हा तयार होतं ते विकायला आपण बंदी केली, मग जे होत नाही ते विकायला परवानगी कुठल्या न्यायानं द्यायची?

२०११च्या दुरुस्तीनं शिक्षा पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड अशी वाढवली. आजी-आजोबा, नातवंडं 'जवळच्या' यादीत आली, दोन कुटुंबांनी आपापसांत दात्यांची अदलाबदल करायची सोय झाली. तरी २०१६ साली मुंबईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयातल्या डॉक्टरांना खोट्या 'पत्नी'च्या प्रकरणात अटक झालीच. प्रेमाचा पुरावा आता लग्नाच्या दाखल्यापर्यंत पोचला होता. मेंदूमृत दात्यांची संख्या वाढणं हाच यातला सरळ मार्ग आहे. तमिळनाडूनं २००८ पासून तो बराच पुढे नेला. जिथं विल्लिवाक्कम आहे, त्याच राज्यानं.

आता फाईल. तिच्यात रक्तगट तपासणीच्या तीन चिठ्ठ्या होत्या. एक आजीची, तिला मधुमेह होता, तिचा प्रश्नच नव्हता. दुसरी काकूची, गट जुळत नव्हता. तिसरी माझ्या वडिलांची. ती मी दोनदा वाचली. बाबांचा आणि काकांचा गट एकच होता. बाबा तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते आणि त्यांना कसलाही आजार नव्हता. आमच्या घरात तीस वर्षं एकच वाक्य ऐकलेलं होतं : घरात कुणाचं जुळलं नाही, म्हणून बाहेरून घ्यावी लागली.

काकूला फोन करून विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भावजींचं जुळलं होतं रे. ते तयारही झाले असते. पण सासूबाई म्हणाल्या, विकत मिळतेय तर घरातल्याच्या पोटाला कशाला सुरी लावायची? एक पोरगा आजारी आहेच, दुसऱ्यालाही आजारी पाडू? आणि त्या म्हणाल्या ते तेव्हा सगळ्यांना पटलं. मलाही पटलं."

मलाही पटलं असतं. विकत मिळते तिथं नात्यातल्यांकडे मागण्याची वेळ येत नाही, हे इराणच्या बाबतीत मी अनेक लेखांतून वाचलं होतं. आमच्या घरात तेच आधी घडून गेलं होतं हे मला माहीत नव्हतं. आजीला मी दोष देत नाही. तिनं दोन मुलांचा विचार केला. तिसऱ्या कुणाच्या आईचा विचार तिच्यासमोर नव्हता, कारण तो माणूस आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता.

मी पाहिला होता. डिस्चार्ज कार्डावर त्याच्याबद्दल एवढंच आहे : दाता पुरुष, वय २६, नात्यातला नाही. नाव नाही. जिन्याखाली मी दलालाला पाकीट दिलं, तेव्हा तो मागे भिंतीला टेकून उभा होता, एक हात कुशीवर धरून. पाकिटात पंधरा हजार होते, आधीचे पंधरा दिलेले. त्यातले त्याला किती मिळाले, मला माहीत नाही. त्याची हिंदी तुटक होती, दक्षिणेकडची. दलाल नोटा मोजत असताना त्यानं माझ्याकडे पाहून एकच प्रश्न विचारला.

"साहब को पेशाब हुआ?"

मी हो म्हणालो. त्यानं मान हलवली आणि पुन्हा दलालाच्या हातांकडे बघू लागला.